इम्प्लांट बसवण्यापूर्वी आपल्या जबड्याचे हाड ओळखा

माझ्या तोंडात दोन इम्प्लांट आहेत, म्हणजे कृत्रिम दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवलेले धातूचे स्क्रू. खालच्या उजव्या दाढेच्या जागी बसवलेला पहिल्याच प्रयत्नात रुजला आणि साडेतीन महिन्यांनी त्यावर कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, बसली. वरच्या डाव्या दाढेच्या जागचा इम्प्लांट मात्र पहिल्या वेळी सातव्या आठवड्यात सैल झाला, काढावा लागला, आणि ती दाढ पुन्हा उभी करण्यात सव्वा वर्ष गेले. तोंड एकच, इम्प्लांटची कंपनी एकच, खाण्यापिण्याच्या सवयीही त्याच. फरक होता तो हाडात. तो मला आधी कोणी सांगितला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारला नाही. मी फक्त खर्च विचारला होता.

मी दंतवैद्य नाही, आणि पुढे दिलेली माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पण खुर्चीत बसण्यापूर्वी कोणते शब्द माहीत असावेत, कोणते आकडे मागून घ्यावेत आणि कुठे थांबायला सांगावे, एवढे मी आता निश्चित सांगू शकते.

१. ‘हाड किती आहे’ आणि ‘हाड कसे आहे’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

पहिल्या भेटीत बहुतेक ठिकाणी ‘हाड भरपूर आहे’ किंवा ‘हाड कमी आहे’ एवढेच ऐकायला मिळते. हे उत्तर हाडाच्या उंचीचे आणि रुंदीचे आहे. दाढ काढल्यानंतर त्या जागेचे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी सरासरी निम्म्यापर्यंत घटते आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून काढलेल्या दाढेची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवणाऱ्यांना, मीही त्यांतलीच, पुढे हाड भरण्याचा खर्च सोसावा लागतो.

हाडाची प्रत हा निराळा विषय आहे. जबड्याच्या हाडाला बाहेरून टणक कवच असते आणि आत स्पंजासारखी जाळी असते. कवच किती जाड आहे आणि आतली जाळी किती घट्ट विणलेली आहे, यावर इम्प्लांटच्या आट्यांना पकड मिळते. हाड उंचीला आणि रुंदीला पुरेसे असूनही आतून भुसभुशीत असू शकते. माझ्या वरच्या जबड्यात नेमके हेच होते. भिंत जाड आहे म्हणून खिळा टिकेलच असे नाही, हे मातीच्या घरात राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

२. चार प्रकार समजून घ्या

लेकहोम आणि झार्ब या दंतसंशोधकांनी १९८५ मध्ये जबड्याच्या हाडाचे चार प्रकार मांडले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य कार्ल मिश यांनी, ड्रिल करताना हाताला हाड कसे लागते यावरून, डी-१ ते डी-४ अशी विभागणी केली. डॉक्टरांच्या तोंडी सहसा हीच नावे असतात. मिश यांनी उपमा दिल्या त्या ओक, पाइन, बाल्सा आणि थर्माकोलच्या. ओक आणि पाइन आपल्या अंगणातले नव्हेत, म्हणून मी त्यांचे माझ्यापुरते बाभूळ, साग, पांगारा आणि थर्माकोल असे रूपांतर करून घेतले आहे.

डी-१ म्हणजे जवळजवळ सगळेच टणक कवच. हे प्रामुख्याने खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात आढळते. डी-२ मध्ये कवच जाड आणि आतली जाळी दाट असते. खालच्या जबड्यात हे बऱ्याचदा मिळते. डी-३ मध्ये कवच पातळ आणि जाळी विरळ असते; वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात, आणि मागच्या भागातही, ते दिसते. डी-४ मध्ये कवच जवळजवळ नसते आणि जाळी विरळ असते. त्याचे हमखास ठिकाण म्हणजे वरच्या जबड्याचा मागचा भाग, जिथे वरच्या दाढा असतात. प्रत्येकाचे हाड या नकाशाप्रमाणेच असेल असे नाही, पण डॉक्टरांशी बोलणे सुरू करायला हा नकाशा पुरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जितके टणक हाड तितके चांगले, असे मला वाटत असे. प्रत्यक्षात डी-१ हाडात रक्तपुरवठा कमी असतो आणि ड्रिल करताना ते तापते. हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिले तरी पेशी मरू शकतात. म्हणूनच ड्रिलवर सतत थंड सलाइनची धार सोडली जाते आणि डॉक्टर ड्रिल मध्येच बाहेर काढून पुन्हा आत नेतात. तुमचे हाड टणक असेल आणि काम थांबत-थांबत चालले असेल, तर डॉक्टरांना वेळ लागतो म्हणून कुरकुर करू नका. सर्वसाधारणपणे डी-२ हे सर्वांत सोयीचे हाड मानले जाते: पकडही मिळते आणि रक्तही पोहोचते.

३. कागदपत्रांची फाइल आधी तयार करा

पहिल्या भेटीला जाताना पुढील गोष्टी सोबत असाव्यात:

• दाढ केव्हा काढली त्याची तारीख, आणि असल्यास तेव्हाचा एक्स-रे किंवा ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे).
• अलीकडची रक्ततपासणी: साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डॉक्टरांनी सांगितल्यास रक्त गोठण्याच्या चाचण्या.
• सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, डोससह. शक्य असल्यास गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत.
• हृदयविकार, मधुमेह, संधिवात किंवा कर्करोगावर उपचार झाले असल्यास त्या डॉक्टरांचे पत्र.
• पूर्वी कुठे इम्प्लांट बसवला असल्यास त्याचे स्टिकर किंवा कार्ड.

औषधांच्या यादीत सर्वांत जास्त चुका होतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड, किंवा सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब ही औषधे रोजची नसल्यामुळे यादीतून हमखास सुटतात. माझ्या मोठ्या बहिणीने फॉर्मवर ‘औषधे नाहीत’ असे लिहिले होते. गोळी रविवारी असते आणि त्या दिवशी बुधवार होता, हे तिचे स्पष्टीकरण. ही औषधे हाडाची झीज रोखतात, पण त्यासोबत हाडाची नैसर्गिक डागडुजीही मंदावते, आणि जबड्यावरील शस्त्रक्रियेनंतर हाड उघडे पडून ते मृत होण्याचा धोका, विशेषतः कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत औषध चालू असल्यास, वाढतो. ती घेणाऱ्यांना इम्प्लांट मुळीच बसवता येत नाही असे नव्हे. निर्णय मात्र दोन्ही डॉक्टरांनी बोलून घ्यायचा असतो. रक्त पातळ करणारी गोळीदेखील स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरी लपवाछपवी तंबाखूची. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आमच्याकडच्या अनेक बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती हिरडीला लागते, तिथूनच शरीरात जाते. विडी-सिगारेट, गुटखा, तपकीर, मशेरी, जे काही असेल ते सांगा. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचे प्रमाण अधिक असते, आणि आधीच भुसभुशीत हाड असेल तर ही भर परवडणारी नसते.

मधुमेह असेल तर एचबीए१सी आटोक्यात येईपर्यंत थांबायला सांगणारे डॉक्टर तुमचे काम लांबवत नसून ते वाचवत आहेत.

४. स्कॅन कोणता काढायचा आणि तो कसा पाहायचा

ओपीजी हा संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे असतो. त्यात उंचीचा अंदाज येतो, रुंदी मात्र कळत नाही. इम्प्लांटसाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो, आणि एका दाढेसाठी लहान क्षेत्राचा स्कॅन पुरतो. पूर्ण चेहऱ्याचा काढण्याची गरज नसेल तर किरणोत्सर्गही कमी होतो आणि पैसेही.

स्कॅन केंद्रातून निघताना छापील फिल्मवर समाधान मानू नका. स्कॅनची मूळ संगणकीय फाइल, म्हणजे डायकॉम फाइल, पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास फिल्म फारशी उपयोगी पडत नाही, आणि स्कॅन पुन्हा काढावा लागतो.

डॉक्टरांना संगणकावर त्या जागेचे आडवे छेद दाखवायला सांगा. पाहायच्या गोष्टी अशा: खालच्या जबड्यात इम्प्लांटच्या टोकाखाली संवेदना वाहून नेणारी नस आहे, तिच्यापासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखले आहे का; वरच्या जबड्यात सायनसच्या, म्हणजे दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीच्या, तळापर्यंत किती हाड उरले आहे; शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान दीड मिलिमीटर जागा आहे का. त्यानंतर आतल्या जाळीचा पोत पाहा. माझ्या खालच्या दाढेच्या जागी पांढरट, घट्ट विणीचे कापड दिसत होते. वरच्या जागी करड्या रंगात मोठमोठी काळी छिद्रे होती, जाळीदार घावनासारखी. त्या पडद्याकडे मी पहिल्या वेळी बघितलेच नव्हते.

इथला सापळा आकड्यांचा आहे. मिश यांनी नंतर या प्रकारांना हाऊन्सफील्ड आकडे, म्हणजे सीटी स्कॅनवरचे घनतेचे माप, जोडले: १२५० च्या वर डी-१, ८५० ते १२५० डी-२, ३५० ते ८५० डी-३ आणि १५० ते ३५० डी-४. हे आकडे रुग्णालयातील वैद्यकीय सीटी स्कॅनवरचे आहेत. सीबीसीटी यंत्र दाखवते त्या करड्या छटांच्या किमती यंत्रागणिक बदलतात आणि त्यांना सरळ हाऊन्सफील्ड मानता येत नाही. म्हणून रिपोर्टवरचा ‘घनता ४१०’ असा आकडा पाहून घाबरू नका आणि ९०० पाहून निश्चिंतही होऊ नका. घनतेचा अंतिम अंदाज ड्रिल हाडात शिरल्यावर डॉक्टरांच्या हातालाच येतो.

त्याचप्रमाणे कंबरेच्या आणि मणक्याच्या डेक्सा चाचणीचा (हाडांची घनता मोजणाऱ्या चाचणीचा) निकाल जबड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तो सोबत ठेवा, पण त्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नका.

५. डॉक्टर निवडताना विचारायचे प्रश्न

भारतात इम्प्लांट ही एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची, स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दंतशास्त्र, हिरडीचे विकार आणि मुखशल्यचिकित्सा या शाखांचे तज्ज्ञ हे काम करतात, आणि प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही करतात. पाटीवर लिहिलेल्या शब्दापेक्षा पुढील प्रश्नांची उत्तरे अधिक सांगून जातात:

• या जागेचे हाड कोणत्या प्रकारचे वाटते आणि का?
• हाड मऊ निघाले तर तुम्ही काय बदलाल?
• कॅप केव्हा बसवायची हे कशावरून ठरवाल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. मऊ हाडासाठी डॉक्टरांजवळ बरेच उपाय असतात. इम्प्लांटच्या जाडीपेक्षा छिद्र थोडे लहान पाडले जाते, जेणेकरून तो बसताना आजूबाजूचे हाड दाबून घट्ट होते. निमुळत्या आकाराचा, खोल आट्यांचा, खडबडीत पृष्ठभागाचा इम्प्लांट निवडतात. काही जण हाड कापून बाहेर काढण्याऐवजी ते कडेला दाबत जाणारी उपकरणे वापरतात. वरच्या जबड्यात उंची कमी असेल तर सायनसचा पडदा हलकेच उचलून खाली हाडाचे कण भरले जातात. याला सायनस लिफ्ट म्हणतात, आणि त्यानंतर वाट पाहण्याचा काळ वाढतो. ‘आमचा इम्प्लांट सगळ्यांत चालतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर मी आता दुसऱ्या दाराकडे वळेन.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिरातींविषयी एवढेच लक्षात ठेवा की त्यांतील काही ठिकाणी वेगळ्या रचनेचे, हाडाच्या खोलवरच्या टणक कवचात पकड घेणारे इम्प्लांट वापरतात आणि त्यांचे नियमही वेगळे असतात. आपल्याला कोणता बसवणार हे लेखी घ्या. माझ्या बाबतीत इम्प्लांट नेहमीचाच होता, फक्त घाई जाहिरातीची होती: दुसऱ्या दिवशी त्यावर तात्पुरती कॅप चढवली गेली.

६. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन आकडे लिहून घ्या

इम्प्लांट हाडात बसला की त्याला सुरुवातीला जी पकड मिळते ती केवळ यांत्रिक असते, स्क्रूला लाकडात मिळते तशी. तिला प्राथमिक स्थैर्य म्हणतात, आणि हाडाच्या प्रतीचा सर्वांत थेट परिणाम हिच्यावरच होतो.

पहिला आकडा टॉर्कचा, म्हणजे इम्प्लांट पिळताना लागलेल्या जोराचा. तो न्यूटन-सेंटिमीटरमध्ये मोजतात. लगेच कॅप बसवायची असेल तर साधारण ३५ किंवा त्याहून अधिक असावा असे अनेक डॉक्टर मानतात. फार जास्त जोर लावणेही चांगले नाही, कारण टणक हाडावर अतिरिक्त दाब आला की तेच हाड मरते. खालच्या दाढेच्या वेळी पान्याचा ‘टक्’ असा आवाज मला कवटीत ऐकू आला होता आणि मान किंचित वळली होती. वरच्या दाढेच्या पहिल्या वेळी काहीच ऐकू आले नाही. इम्प्लांट लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि सगळे सुखरूप झाले म्हणून मी खूश झाले.

दुसरा आकडा आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती स्थिर आहे याचे माप. इम्प्लांटमध्ये एक छोटी चुंबकीय खुंटी हातानेच पिळून बसवतात आणि पेनासारखे यंत्र तिच्याजवळ, स्पर्श न करता, धरतात. खुंटी कंप पावते, यंत्र ‘बीप’ करते आणि १ ते १०० मधला आकडा दाखवते. गालाच्या बाजूने आणि पुढून अशी दोनदा मोजणी होते. काहीही दुखत नाही. ६० च्या खाली स्थैर्य कमी, ६० ते ७० मध्यम आणि ७० च्या वर चांगले, अशी ढोबळ समजूत आहे. दुसऱ्या प्रयत्नात, वेगळ्या डॉक्टरांकडे, माझ्या वरच्या इम्प्लांटचा आकडा ५८ आला. डॉक्टरांनी तो केसपेपरवर लिहिला आणि म्हणाले, “काकू, आता याला झाकून ठेवू या. सहा महिन्यांनी बोलू.”

हे यंत्र सगळीकडे नसते. नसेल तर टॉर्कचा आकडा तरी मागून घ्या. त्याच दिवशी इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर आपल्या फाइलला लावून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तुम्ही दुसऱ्या शहरात असलात, तर कोणता पाना लागेल हे त्यावरूनच कळते.

७. तिसरा आणि चौथा आठवडा जपा

या टप्प्याविषयी मला कोणी बोलले नव्हते, म्हणून इथे थोडे थांबते.

इम्प्लांटभोवतीचे जखमी हाड शरीर आधी खरवडून काढते आणि मग त्या जागी नवे हाड घालते. जुन्या हाडाची यांत्रिक पकड त्यामुळे दिवसेंदिवस उतरत जाते, तर नव्या हाडाची जैविक पकड, म्हणजे दुय्यम स्थैर्य, हळूहळू चढत असते. या दोन रेषा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास एकमेकींना छेदतात, आणि तेव्हा इम्प्लांटचे एकूण स्थैर्य सर्वांत कमी असते. घट्ट हाडात ही घसरण जाणवण्याइतकी नसते, कारण सुरुवातीची शिल्लक मोठी असते. भुसभुशीत हाडात शिल्लकच थोडी, त्यामुळे घसरण महाग पडते.

आणि गंमत अशी की याच सुमारास रुग्णाला सर्वांत बरे वाटत असते. टाके निघालेले असतात, सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते. मी बाविसाव्या दिवशी त्या बाजूने ज्वारीची भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे खाल्ले. दुखले नाही, म्हणून रोज खात राहिले. न दुखणे म्हणजे रुजणे नव्हे.

तेव्हा पहिला आठवडा मऊ भात, मुगाची खिचडी, शिरा यांवर काढा. त्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका. इम्प्लांटवर हिरडीबाहेर दिसणारी धातूची टोपी असेल तर ती जिभेने चाचपत बसू नका. काढता-घालता येणारी कवळी असेल तर ती त्या जागी दाबत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

८. कॅपची तारीख हाडावरून ठरू द्या

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत इम्प्लांट हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात पाच ते सहा महिने थांबत. आजच्या खडबडीत पृष्ठभागांमुळे हा काळ बराच कमी झाला आहे, आणि चांगल्या हाडात काही आठवड्यांतही कॅप बसवता येते. पण वर आणि खाली यांच्यातला तो जुना फरक हाडाच्या प्रतीमुळेच होता, आणि डी-४ हाड १९६५ पासून बदललेले नाही.

कॅप बसवण्यापूर्वी आयएसक्यू पुन्हा मोजायला सांगा. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो. माझा ५८ वरून सहा महिन्यांनी ७१ वर गेला. तो ५८ वरून ५२ वर आला असता तर थांबावे लागले असते. कॅप बसताना दातांमध्ये कागद ठेवून चावायला लावतात तेव्हा जबडा सगळ्या बाजूंनी हलवून दाखवा, कारण मऊ हाडातल्या इम्प्लांटला तिरका भार सोसत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती याच वेळी सांगा; त्यासाठी रात्री घालायचा गार्ड मिळतो.

९. सैल वाटल्यास काय करावे

आधी घाबरू नका. हिरडीबाहेर दिसणारी धातूची छोटी टोपी स्वतंत्र स्क्रूने बसवलेली असते आणि पुष्कळदा तीच ढिली होते. माझीही दुसऱ्या खेपेस एका संध्याकाळी फिरू लागली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात ती घट्ट केली. टोपी निघालीच तर ती डबीत जपून ठेवा आणि एक-दोन दिवसांत जा, नाहीतर हिरडी त्या जागेवर वाढते.

मात्र पू येणे, वाढत जाणारी ठणक, किंवा इम्प्लांटच हलत असल्याची शंका असेल तर त्याच दिवशी दाखवा. खालच्या ओठाला किंवा हनुवटीला आलेला बधिरपणा भूल उतरण्याची वेळ टळून गेल्यावरही राहिला, तर रात्र जाऊ देऊ नका, लगेच फोन करा.

न रुजलेला इम्प्लांट काढणे हे बसवण्याइतके अवघड नसते. माझा डॉक्टरांनी पान्याने उलट पिळला आणि तो चार फेऱ्यांत हातात आला. त्यानंतर जागा भरून येण्यासाठी चार महिने थांबावे लागले, मग नवा स्कॅन, आणि सायनस लिफ्टसह अधिक जाडीचा दुसरा इम्प्लांट. काढलेला इम्प्लांट आणि त्या वेळचे एक्स-रे डॉक्टरांकडून मागून घ्या, कारण काही कंपन्या अपयशी इम्प्लांट बदलून देतात, आणि त्यासाठी लॉट क्रमांकाचे स्टिकर दाखवावे लागते. माझ्या पहिल्या फाइलला ते लावलेलेच नव्हते, त्यामुळे दुसऱ्या इम्प्लांटचे पैसे मी भरले.